उजनी भरूनही उन्हाळ्यात उणे का जातं? तापती हवा आणि कोरड्या भागातले तलाव

एप्रिल-मे उजाडला की पुण्या-सोलापूरच्या वर्तमानपत्रांत भीमेवरच्या उजनी धरणाच्या साठ्याचा एक आकडा, टक्क्यांत, रोज येतो. उजनी उणे १०, उजनी उणे २५, उजनी उणे ४०. २०२४ च्या जूनमध्ये तो उणे ६० च्या आसपास पोचला होता. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेच धरण शंभर टक्के भरलं. त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ उडणं साहजिक आहे. पाणी शून्याच्या खाली जातं कसं? दोन महिन्यांत धरण भरत असेल तर दुष्काळ कसला? आणि हवामानबदल, हवामानबदल म्हणतात तो यात नेमका कुठे शिरतो?

उजनीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण जगातल्या कोरड्या प्रदेशांतल्या बहुतेक तलावांचं दुखणं इथे घराजवळच बघायला मिळतं.

आधी ते 'उणे' समजून घेऊ

उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३१ कोटी लिटर. या ११७ पैकी साधारण ५३.५ टीएमसी हा उपयुक्त साठा, म्हणजे शेतीच्या आवर्तनांसाठी (कालव्यातून पाळीपाळीने सोडायच्या पाण्यासाठी) आणि इतर वापरासाठी धरलेलं पाणी. त्याच्या खालचं ६३.५ टीएमसी म्हणजे मृतसाठा, ते आवर्तनांच्या हिशेबात धरलेलं नसतं. पेपरातली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे 'शून्य टक्के' छापून येतं त्या दिवशीही धरणात ६३ टीएमसी पाणी असतं, आणि 'उणे ६०' म्हणजे त्या मृतसाठ्यातलंही सुमारे ३२ टीएमसी संपलेलं असतं.

हे खालचं पाणी जातं कुठे? सोलापूर शहराची पाइपलाइन त्यातूनच पाणी उचलते; पातळी फार खाली गेली की दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं. काठावरच्या गावांच्या योजना आहेत, शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. इंदापूर तालुक्याच्या बाजूने उन्हाळ्यात गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. पाणी मागे सरकत जातं तशी शेतकरी मोटार पुढे सरकवतात, केबल वाढवतात, पाइप जोडतात, चिखलात चर खणून पाणी मोटारीपर्यंत ओढून आणतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर कुणी गाळपेर करतं, म्हणजे त्या गाळातच पीक घेतं. पळसदेवजवळ एरवी ज्या पळसनाथाच्या देवळाचं फक्त शिखर पाण्यावर दिसतं, ते तळापर्यंत उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात.

या सगळ्या उपशासोबत आणखी एक उपसा चालू असतो. त्याला मोटार लागत नाही, परवाना लागत नाही, आणि पाणीवाटपाच्या भांडणात त्याचं नाव कुणी घेत नाही. तो उन्हाचा.

एकाच जिल्ह्यात दोन देश

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणीत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कधी त्याहूनही जास्त. पुणे शहरात सातशेच्या आसपास. पुढे दौंड, बारामती, इंदापूरकडे जाल तसा तो पाचशेच्या घरात किंवा खाली येतो. सह्याद्री ढगांचं पाणी अडवून घेतो आणि पलीकडे पर्जन्यछायेचा पट्टा राहतो.

उजनी याच कोरड्या पट्ट्यात आहे. तिथल्या पावसावर ते धरण कधीच भरलं नसतं. भीमा, इंद्रायणी, भामा, घोड, मुळा-मुठा घाटातलं पाणी घेऊन येतात तेव्हा ते भरतं. कोरड्या भागातल्या मोठ्या तलावांची खूण हीच: पाणी येतं दूरच्या डोंगरातून, आणि संपतं तलाव असेल तिथल्या उन्हात. त्यामुळे तलावाला दोन्हीकडून मार बसू शकतो. वरचा पाऊस बिघडला तरी, आणि इथली हवा तापली तरी.

त्यात उजनीचा आकार. पानशेत, वरसगाव ही धरणं डोंगरांमधल्या अरुंद दऱ्यांत आहेत, त्यांचं पाणी खोल आहे. उजनी सपाटीवर पसरलेलं आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा पृष्ठभाग सुमारे ३३७ चौरस किलोमीटर होतो आणि सरासरी खोली दहा मीटरच्या आसपासच राहते. तेवढंच पाणी कळशीत ठेवलं आणि परातीत ओतून उन्हात ठेवलं तर परात आधी कोरडी होईल, हे कुणाला सांगावं लागत नाही. उजनी ही परात आहे.

हवा पाणी किती ओढते?

पाण्याची वाफ होऊन ते हवेत जाणं म्हणजे बाष्पीभवन. त्याला उकळावं लागत नाही, ते चोवीस तास चालू असतं. किती वेगाने चालेल ते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: ऊन किती, वारा किती, आणि हवा आधीच किती कोरडी आहे. हवामानबदलाचा सगळ्यात थेट संबंध या तिसऱ्या गोष्टीशी आहे. तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की हवेची बाष्प धरून ठेवायची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. समुद्रकाठी ती वाढीव जागा भरायला बाष्प हाताशी असतं. इंदापूर-करमाळ्याच्या मे महिन्यातल्या हवेला ते मिळत नाही. मग ती जमिनीतून, झाडांतून आणि उघड्या पाण्यातून जास्त जोराने ओढून घेते.

हे मोजायची पद्धत फार साधी आहे, आणि म्हणूनच मला ती आवडते. सुमारे सव्वा मीटर रुंदीचं, वीतभर उंचीचं, पत्र्याचं गोल पात्र लाकडी चौकटीवर ठेवतात. त्यात पाणी भरतात, आणि पक्ष्यांनी-कुत्र्यांनी पिऊ नये म्हणून वर तारेची जाळी घालतात. रोज सकाळी पातळी किती मिलिमीटर उतरली ते बघतात. हवामान वेधशाळांत, कृषी विद्यापीठांत, मोठ्या धरणांवर अशी पात्रं असतात. पत्रा तापत असल्याने पात्रातलं पाणी तलावापेक्षा लवकर उडतं, म्हणून आलेल्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणलं की तलावाचा अंदाज मिळतो. आपल्या पूर्वेकडच्या पट्ट्यात मे महिन्यात पात्रातली घट रोज दहा-बारा मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे तलावावर सात-आठ.

आठ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब करून बघा. उन्हाळ्यात उजनी आकसून २०० चौरस किलोमीटर उरलं असं धरू. त्यावरून आठ मिलिमीटरचा थर उडाला तर एका दिवसात १६० कोटी लिटर पाणी गेलं. पुणे शहर रोज साधारण तेवढंच पाणी वापरतं. म्हणजे मे महिन्यात उजनीच्या माथ्यावर दुसरं एक अदृश्य पुणे पाणी पीत बसलेलं असतं. या वेगाने सतरा-अठरा दिवसांत एक टीएमसी जातं. मार्च ते मे या तीन महिन्यांत पाचेक टीएमसी. खडकवासला धरणाचा सगळा उपयुक्त साठा दोन टीएमसीदेखील नाही, हे लक्षात घेतलं की यातलं गांभीर्य कळतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे बाष्पीभवन हवामानबदलाने सुरू केलेलं नाही. १९८० मध्ये धरण झालं तेव्हाही ते होतंच. तापलेली हवा त्यात भर घालते, आणि ती दोन प्रकारे. एक तर रोजचा थर जाड होतो. दुसरं म्हणजे उन्हाळ्याचा मोसमच लांबतो. २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाने देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. ज्या महिन्यात पूर्वी स्वेटर हातचा ठेवायचो त्या महिन्यात पाणी मार्चच्या वेगाने उडायला लागलं, तर पावसाळ्यापर्यंतचा पल्ला तेवढा लांबतो.

"पण बाष्पीभवन घटल्याचं शास्त्रज्ञांनीच सांगितलं होतं ना?"

हो, सांगितलं होतं, आणि तो आक्षेप टाळून पुढे जाणं बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतासह जगात अनेक ठिकाणी अशा पात्रांतल्या नोंदी वाढण्याऐवजी घटताना दिसल्या. तापमान वाढत असताना हे कसं, याने अभ्यासक बरीच वर्षं कोड्यात होते. उत्तर वर सांगितलेल्या पहिल्या दोन गोष्टींत सापडतं. हवेतला धूर आणि धूलिकण वाढल्याने जमिनीवर पोचणारं ऊन मंदावलं, आणि अनेक ठिकाणी वाराही कमी झाला. शिवाय पात्राभोवतीची शेती बागायती झाली की तिथली हवा दमट होते आणि पात्रातलं पाणी कमी उडतं.

म्हणून "तापमान इतकं वाढलं की बाष्पीभवन इतके टक्के वाढणारच" असं कुणी सरधोपट सांगितलं तर जरा थांबावं. पण यातून दिलासा घेण्यासारखंही काही नाही. धुराने ऊन अडवणं ही काही चांगली सोय नव्हे; हवा स्वच्छ करणं आपल्याला भागच आहे, आणि ती होईल तसा तो पडदा निघून जाईल. तापमानाची चढती रेघ मात्र तशीच राहील.

पाऊस कमी झाला का? त्याची चाल बिघडली

खर्चाची बाजू झाली. आता आवक.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसलं. त्याच काळात तिथला एकूण मोसमी पाऊस मात्र वाढलेला नव्हता. म्हणजे तोच पाऊस कमी दिवसांत, जास्त जोरात. मधले कोरडे खंड जीवघेणे. २०२३ चा ऑगस्ट देशातला १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि त्या वर्षी उजनी पूर्ण भरलंच नाही. पुढच्या वर्षी २५ जुलैला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, आणि काही दिवसांत उजनी काठोकाठ झालं.

"मग भरलं ना शेवटी?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं की धरणाला सरासरी कळत नाही. दोन वर्षांचा पाऊस मिळून बरोबर झाला म्हणून पहिल्या वर्षीचा ऊस जगत नाही. एकदम आलेल्या पाण्यातलं क्षमतेपलीकडचं सोडूनच द्यावं लागतं. आणि जोराच्या पावसाने उतारावरची माती धुपून येते ती धरणात बसते. परातीच्या तळाशी गाळ साचत गेला की ती आणखी उथळ होते.

'सायन्स' या नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने उपग्रहांच्या नोंदींवरून जगातले १,९७२ मोठे तलाव आणि जलाशय तपासले. १९९२ ते २०२० या काळात त्यातल्या ५३ टक्क्यांचा साठा घटला होता. नैसर्गिक तलावांच्या बाबतीत मोठी कारणं होती तापमानवाढ आणि माणसाचा उपसा. धरणांच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण होतं गाळ.

लहान तलावांची स्थिती आणखी नाजूक आहे. उजनीला निदान घाटाचा आधार आहे. दौंड, पुरंदर, बारामती, इंदापूरमधल्या ज्या तलावांना कालव्याचं पाणी मिळत नाही ते आपापल्या ओढ्यांवर जगतात. लांब खंडानंतर पाऊस पडला की तापलेली जमीन आधी स्वतः पिते, ओढा वाहायलाच दोन-तीन चांगले पाऊस लागतात. जेजुरीजवळचं कऱ्हेवरचं नाझरे धरण यामुळेच कित्येकदा भरत नाही. भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक घरटी बांधतात. बाभळीखाली पाणी असलं की कुत्री-मांजरं पोचत नाहीत, म्हणून ती जागा सुरक्षित. तलाव आटला तर बाभळी असूनही त्या जागेचा उपयोग उरत नाही.

उरलेल्या पाण्याचं काय होतं

ऊन फक्त पाणी नेतं. त्यातले क्षार, मैला, खतांचे अंश मागेच राहतात. ज्या तलावाला बाहेर वाट नाही तिथे हे सर्वांत ठळक दिसतं. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं. पाणी उतरल्याने क्षारता वाढली आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून काढला. राजस्थानातल्या सांभर या खाऱ्या सरोवरात २०१९ च्या हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी बोटुलिझम या जिवाणूजन्य विषबाधेने मेले.

उजनी लोणारसारखं बंदिस्त नाही, पण त्याच्यावर दोन मोठ्या शहरांचं सांडपाणी येतं: पुणे आणि पिंपरी-चिंचवड. हे आपण पुणेकरांनी तोंड न फिरवता ऐकायला हवं. नत्र आणि स्फुरदाने भरलेलं ते पाणी उन्हाळ्यात कमी साठ्यात मिसळतं, वरचा थर तापतो आणि शेवाळ माजतं. हिरवागार तवंग धरतो. त्यातच कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. शेवाळ मरून कुजायला लागलं की उरलेला प्राणवायूही तेच खातं. अशा पाण्यात तग धरणाऱ्या चिलापीसारख्या माशांचं फावतं आणि मूळचे मासे मागे पडतात. हेच पाणी पुढे सोलापूरकर पितात.

"हे सगळं माणसाचंच कर्तृत्व आहे, हवामानावर कशाला ढकलता?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. मध्य आशियातला अरल समुद्र १९६० च्या सुमारास ६८ हजार चौरस किलोमीटरचा होता. कापसासाठी त्याच्या दोन्ही नद्या वळवल्या आणि त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. ते काम हवामानबदलाचं नव्हतं. आपल्याकडेही उजनीच्या वर धरणांची साखळी आहे. मुळशीसह काही धरणांचं भीमा खोऱ्यातलं पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली कोकणात जातं. आणि उजनीच्या भोवती, पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात, क्षितिजापर्यंत ऊस आहे.

तेव्हा एखादा अधिकारी किंवा पुढारी "काय करणार, हवामानच बदललं" असं म्हणत असेल तर ते मान्य करू नये. पण हवामानाचा वाटा नाकारूनही चालणार नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात अंगावर येतात. उष्णतेची लाट आली की तलाव जास्त सुकतो, ऊस जास्त पाणी मागतो, शहरात टँकर वाढतात, तिन्ही एकाच वेळी. ओढाताण आधीच असलेल्या ठिकाणी थोडीशी भरही मोठी ठरते.

पाणी झाकून ठेवता येणार नाही का?

लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये आपल्या एका जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले होते. पाण्याची प्रत राखणं हा मुख्य हेतू होता, बाष्पीभवनही त्याने घटलं. पण तो जलाशय उजनीच्या तुलनेत अगदीच चिमुकला. पाण्यावर सिटाइल अल्कोहोलसारख्या पदार्थाचा अतिपातळ थर पसरवायचे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. वारा सुटला की तो थर फाटून काठाला जातो. तरंगत्या सौरपट्ट्या जेवढा भाग झाकतील तेवढ्यापुरतं पाणी नक्की वाचवतात, वीजही देतात. मात्र उजनीवर त्या येणार असतील तर मासेमारांचं आणि भिगवणच्या रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) काय, हे आधी ठरवावं लागेल.

शेततळ्यांबद्दल मला काळजी वाटते. पावसाचं पाणी अडवणारं शेततळं उत्तमच. पण बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात साठवणं म्हणजे उन्हापासून सुरक्षित असलेलं पाणी उन्हात आणून ठेवणं. जमिनीखालच्या पाण्याचं बाष्पीभवन जवळजवळ होत नाही. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव जे पाझर तलाव खणले गेले त्यांचं काम पाणी दाखवण्याचं नव्हतं, जिरवण्याचं होतं. त्यातले कित्येक आज गाळाने भरलेत. तो गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, आणि माझ्या मते कोरड्या तालुक्यांत ती नव्या तळ्यांपेक्षा जास्त मोलाची आहे.

मोठ्या धरणांच्या बाबतीत एक पर्याय कागदावर फार सोपा दिसतो. पाणी शक्य तितके दिवस घाटातल्या खोल धरणांत ठेवायचं आणि उजनीत लागेल तसं सोडायचं, म्हणजे परातीत कमी पाणी उघडं राहील. अडचण विश्वासाची आहे. वर ठेवलेलं पाणी पुणं आपल्याला उन्हाळ्यात खरंच देईल, यावर सोलापूर कशाच्या जोरावर विश्वास ठेवणार? आजवरचा अनुभव बघता तो ठेवावा असं मी सोलापूरकरांना सांगू शकत नाही. त्यासाठी वरच्या आणि खालच्या धरणांचा हिशेब एकत्र मांडून तारखांनिशी बांधिलकी लागेल, आणि पुण्याला आपल्या गळत्या नळांचा हिशेब आधी द्यावा लागेल. पावसाळा संपल्यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात, तेव्हा पिण्याचं, शेतीचं, उद्योगाचं पाणी ठरतं. बाष्पीभवनासाठी किती पाणी बाजूला काढलं, आणि तो आकडा जुन्या सरासरीवरून घेतला की गेल्या पाच-सात उन्हाळ्यांच्या नोंदींवरून, हे तिथल्या आपल्या प्रतिनिधींना विचारायला काहीच हरकत नाही.